गाठीतला दोरा

गुढीपाडवा सकाळी असतो आणि गाठीचा प्रश्न संध्याकाळी सुरू होतो. गुढी उतरवली की साडी घडी होऊन कपाटात जाते, तांब्या स्वयंपाकघरात जातो, कडुलिंब कुंडीत जातो. राहते ती साखरेची गाठी. मुलं ती सकाळभर गळ्यात घालून मिरवतात, एकदोन चकत्या कुरतडतात आणि विसरून जातात. देवाची म्हणून टाकवत नाही आणि नुसती साखर म्हणून खाववत नाही. मग ती देवघराच्या खुंटीवरून डब्यात जाते, डब्यातून फ्रिजवर जाते आणि शेवटी मुंग्यांना मिळते.

आमच्या इमारतीत मुंग्यांना काही मिळत नसे, कारण आमच्या इमारतीत नलूमावशी चौबळ होत्या.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडपासून जरा आत, आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. तळमजल्यावर आमच्या समोरचं दार नलूमावशींचं. यजमान शहाडला नोकरी करायचे, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मिलिंद ठाण्याला घोडबंदर रोडवर एका उंच टॉवरमध्ये राहतो. मावशी एकट्याच राहायच्या, पण त्यांचं दार बंद असलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. मुलांच्या परीक्षा संपल्या की एका सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन जिना चढायच्या आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायच्या, "काय उरलंय?"

त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असायचं. पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा काटेरी हलवा, कुणाच्या तरी बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर ओतलेली चॉकलेटं, वाढदिवसाच्या पुड्यांतल्या संत्र्याच्या गोळ्या. सगळं एकाच पिशवीत पडायचं. दुसऱ्या दिवशी इमारतीतली झाडून सगळी मुलं मावशींच्या स्वयंपाकघरात जमायची आणि त्या उरल्यासुरल्याची बिस्किटं व्हायची. मुलांनी आजी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "आजी म्हणेल त्याला बिस्कीट नाही," असा कायदाच होता. म्हणून सत्तरी उलटलेल्या बाईला बालवाडीतली पोरंसुद्धा मावशी म्हणायची.

मी माणूस जरा शिस्तीचा. आमच्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या आहेत आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच डब्यात असतं. यावरून माझी बायको वृषाली माझी यथेच्छ चेष्टा करते. अशा माणसाच्या समोरच्या दारात देवाने नलूमावशींना आणून ठेवलं होतं. त्यांच्याकडे चहाच्या डब्यात मोहरी असायची, मोहरीच्या डब्यात बटणं आणि बटणांच्या डब्यात, कधीकधी, चहा. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला चष्मा शोधायला बोलावलं. मी पलंगाखाली वाकून शोधत होतो, तेवढ्यात त्या फ्रिज उघडून म्हणाल्या, "हा बघ, अंड्यांच्या जागेत बसलाय." जणू चष्माच स्वतःहून तिथे जाऊन बसला होता. मला त्या पहिल्या दिवसापासून कधीच शशांक म्हणाल्या नाहीत. "मिलिंद... सुहास... अरे तू रे," एवढं म्हणून हाताने खूण करायच्या. सुहास कोण, ते मला कधी कळलं नाही.

पण त्यांच्या घोळाची एक गंमत होती. त्यातून काहीतरी चांगलं निघायचं. एकदा कल्याणच्या बाजारात केरसुण्या आणायला गेल्या आणि रिक्षात दुसऱ्याच बाईची पिशवी उचलून घरी आल्या. पिशवीत निघाले कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे ब्लाउजपीस. आपण घाबरलो असतो. मावशी पिशवी घेऊन शिवणाऱ्या बाईचं दुकान शोधत परत गेल्या, दुकानावरून घर शोधलं, आणि त्या शहाडच्या बाईंच्या घरी जेवून, लग्नाचं आमंत्रण घेऊन संध्याकाळी परतल्या. "केरसुण्या?" मी विचारलं. "अरे, त्या तिच्याकडेच राहिल्या," मावशी म्हणाल्या. त्या बाई पुढे दरवर्षी पाडव्याला मावशींना त्यांच्याकडच्या उरलेल्या गाठी पाठवू लागल्या. माझ्या आयुष्यात माझी एकही पिशवी कधी हरवली नाही आणि मला असं कुणी मिळालंही नाही.

बिस्किटांचा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमची सई बालवाडीत होती. मावशींकडे जुन्या पद्धतीचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणावर काचेची खिडकी असलेला. तो त्यांनी जमिनीवर ठेवला होता आणि भोवती मुलं कोंडाळं करून बसली होती. मोठी मुलं बत्त्याने गाठी फोडत होती, लहान मुलं फोडलेलं खात होती. मावशींनी सगळं मिक्सरमध्ये घातलं, साखरेची पिठी केली, कान तुटलेल्या कपाने मैदा मोजला, तूप घातलं, थोडं बेसन, चिमूटभर सोडा, वेलची. एका मुलीने विचारलं, "मावशी, याचं काय होणार?"

"होईल काहीतरी," मावशी म्हणाल्या.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परीक्षेचा निकाल असो, पाण्याचा टँकर असो, मिलिंदचं लग्न असो, "होईल काहीतरी." काय होईल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि काहीतरी मात्र होत असे.

त्या दिवशी झालं ते असं, की साखरेची गाठी दोऱ्यावर ओतलेली असते हे मावशी विसरल्या होत्या. दोरा न काढताच गाठी मिक्सरमध्ये गेली होती. बिस्किटं दिसायला सुरेख झाली, खमंग वास सुटला, आणि पहिला घास घेतल्याबरोबर सगळी इमारत तोंडातून दोरे ओढायला लागली. चौथ्या मजल्यावरचे जोशी आजोबा, अतिशय सभ्य माणूस, जिन्यात उभे राहून दोन बोटांनी दोरा ओढताहेत आणि तो संपतच नाहीये, हे मी स्वतः पाहिलंय. मी संतापून म्हणालो, "मावशी, अहो, कुणाच्या घशात अडकला असता तर?"

मावशींचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "खरंय तुझं. दोरा माझ्या लक्षात राहायला हवा होता." आणि पुढच्या वर्षीपासून दोरे काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. बाकी सगळ्याचा घोळ होवो, दोऱ्याचा नाही. मुलांनी फोडायचं आणि मावशींनी एकेक दोरा ओढून, धुऊन, खिडकीच्या गजावर वाळत घालायचा. त्या दोऱ्यांचं पुढे काय करायच्या कुणास ठाऊक. ते टाकलेले मात्र मी कधी पाहिले नाहीत.

बिस्किटं दरवर्षी वेगळी व्हायची. हलवा ओव्हनमध्ये विरघळत नाही, तो तसाच टणक राहतो आणि दाढेखाली आला की कवटीपर्यंत कळतं. संत्र्याच्या गोळ्या वितळून तळाशी काचेसारखा थर धरतात. चॉकलेटं कुठे पळतात तेच समजत नाही. एका वर्षी सगळं मिळून एकच भलंमोठं बिस्कीट झालं, ते मावशींनी उलथन्याने तोडून वाटलं. मुलांना स्वतः केलेलं बिस्कीट स्वतःलाच हवं असायचं. मावशी म्हणायच्या, "तुझं कुठलं आणि त्याचं कुठलं? गाठी कुणाची कुठली ते मला कळलं का? खा गपचूप." आणि भट्टीची गोष्ट सुरू करायच्या. त्यांचं माहेर कल्याणचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची आई घरी नानकटाईचं पीठ मळायची आणि डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. साऱ्या आळीतल्या बायका तिथे रांगेत. "एवढी गर्दी, एवढी गर्दी! आई माझ्या मनगटाला दोरा बांधायची, हरवू नये म्हणून."

"दोऱ्याने कसं गं नाही हरवत?" सईने विचारलं होतं.

"कुणास ठाऊक. पण नाही हरवले," मावशी म्हणाल्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. मुलं मोठी होत होती, नवी येत होती. सई आठवीत गेली तरी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी समोरच्या घरी जाऊन बसायची.

मग ते कापराचं वर्ष आलं.

ओव्हनचं झाकण उघडल्याबरोबर सई म्हणाली, "मावशी, बिस्किटांना आरतीचा वास येतोय."

मुलं हसली. मावशीही हसल्या. "येणारच. देवाच्या गाठी आहेत ना त्या."

पण वास वाढतच गेला. वृषाली धावत गेली तर ओट्यावर कापराची डबी उघडी आणि रिकामी. देवघरात गाठी आणि कापूर शेजारी शेजारी असतात, दोन्ही पांढरं, आणि फोडलेल्या गाठीचे तुकडे कापराच्या वड्यांसारखेच दिसतात. पांढऱ्याबरोबर पांढरं गेलं होतं. बिस्कीट कुणी खाल्लं नव्हतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या लहानग्या ओजसने कच्चं पीठ चाटलं होतं. त्याची आई त्याला कडेवर घेऊन डॉक्टरकडे पळाली. दुपार फार वाईट गेली. त्याला काही झालं नाही, डॉक्टरांनी थोडा वेळ बसवून घरी पाठवलं, पण ते कळेपर्यंत सगळी इमारत जिन्यातच उभी होती.

मावशी दारात उभ्या होत्या. हात पिठाचे. त्या म्हणाल्या, "कापूर घालतात की गोडात. भीमसेनी. आमच्याकडे घालायचे."

जोशी आजी म्हणाल्या की हो, खरंच, चिमूटभर घालतात. पण हा कापूर खायचा, भीमसेनी नव्हता आणि चिमूटभरही नव्हता. मावशींनी तो जाणूनबुजून घातला, की चुकून पडला आणि नंतर त्यांनी कारण शोधलं, की तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो नेहमीचाच चेहरा होता.

रविवारी मिलिंद आला. अतिशय चांगला मुलगा, उगाच त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. तो आमच्याकडे येऊन बसला, वृषालीने दिलेला चहा त्याने घेतलाच नाही. म्हणाला, "शशांक, तुम्ही समोर राहता. खरं सांगा, आई पहिल्यापासून अशीच आहे की आता काहीतरी बिघडलंय? मी तिच्या डॉक्टरांशी बोललो, ते विचारतायत कधीपासून, आणि मी काय सांगू? ती तर मी शाळेत होतो तेव्हा माझ्या डब्यात भाकरीऐवजी इस्त्रीचा रुमाल घालायची!"

काय सांगणार? चष्मा फ्रिजमध्ये आता सापडतो, तसा तो तेव्हाही सापडायचाच. नावं आता चुकतात, पण बरोबर होती कधी? मागच्याच महिन्यात मावशी आमच्या दाराला त्यांची किल्ली लावत होत्या. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "तुमचं कुलूप फार चांगलं आहे हं, उघडतच नाही." मी आणि वृषाली पोट धरून हसलो होतो. आता मिलिंदसमोर तो प्रसंग आठवला आणि कळेना, आम्ही कशाला हसलो होतो. जी बाई जन्मभर घोळ घालत आली, तिचा घोळ कुठल्या दिवशी आजार झाला, हे कुणी आणि कसं ओळखायचं? मी डब्यांवर चिठ्ठ्या लावणारा माणूस. मला ही चिठ्ठी कुठे लावायची ते सापडेना. मला फार हताश वाटलं.

"मला नाही कळत रे," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

मावशींना ठाण्याला न्यायचं, की इथे एकटीला ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. मावशींचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "मी नाही यायची. तुझ्या त्या उंचावर कोण येणार उरलेलं घेऊन? तिथे लोक उरलं की टाकतात." शेवटी मिलिंद म्हणाला, पुढच्या पाडव्यापर्यंत बघू. जाताना त्याने ओव्हनची वायर काढून आपल्या बॅगेत घातली.

दोन दिवसांनी मावशी वायर शोधायला लागल्या. कपाटात, माळ्यावर, फ्रिजमध्ये, आमच्या घरीसुद्धा. "कुठे ठेवली मेली मी," असं स्वतःलाच रागावत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. वायरीसाठी रडणारी बाई नव्हती ती. मला बघवेना. मी सांगून टाकलं, "मावशी, वायर तुम्ही नाही हरवली. मिलिंद घेऊन गेलाय."

मला वाटलं चिडतील. त्या खुर्चीत बसल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मिलिंदने नेली? देवा! बरं झालं रे बाबा. मला वाटलं, मीच कुठेतरी ठेवली."

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की त्यांनाही शंका आहे. जी शंका आम्हाला त्यांच्याबद्दल होती, तीच त्यांना होती, आणि ती घेऊन त्या एकट्या बसत होत्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्या चष्म्यावर विनोद केला नाही.

ते वर्ष कसंबसं गेलं. काही दिवस मावशी लख्ख असायच्या, मला चक्क शशांक म्हणायच्या, आणि मीच दचकायचो. काही दिवस खिडकीतून सईला विचारायच्या, "शाळा सुटली का गं बालवाडीची?" सई म्हणायची, "हो मावशी, आत्ताच." त्यांनी एकदा दूध गॅसवर ठेवलं आणि देवळात गेल्या. पातेलं जळून काळं झालं, धूर जिन्यात आला. दूध विसरणं आपलंही होतं, असं मी मिलिंदला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही पातेलं विसरून देवळात जाता का?" मी जात नाही. पाडवा झाला, मुलांच्या परीक्षा झाल्या आणि ठरलं, येत्या रविवारी मावशी ठाण्याला जाणार.

त्याआधीच्या शनिवारी सकाळी आमच्या दारात सई, ओजस आणि बाकीची सगळी मुलं गाठींच्या पिशव्या घेऊन उभी. ओजसला त्याच्या आईने पाठवलं होतं, हे मुद्दाम सांगतो. सई म्हणाली, "बाबा, मावशी म्हणतेय भट्टीवर नेऊ. तिकडे ओव्हन लागत नाही."

मिलिंदही तोवर सामान बांधायला आला होता. त्याने आधी नाही म्हटलं. मग आईकडे पाहिलं. मावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, मुलं गाठी फोडत होती आणि त्या दोरे ओढत होत्या. एकही सोडत नव्हत्या. मिलिंद शेजारी बसला आणि मैदा चाळायला लागला. वृषालीने प्रत्येक पांढरी वस्तू वास घेऊन आत जाऊ दिली.

नाक्याच्या पुढे एक बेकरी आहे, मागे पावाची भट्टी असलेली. बेकरीवाल्या चाचांना आमची वरात बघून काही उमजेना. "घर का माल? बेक करना है? अभी कौन लाता है ये सब!" ते म्हणाले. मावशी पुढे झाल्या. "आम्ही आणतो. नेहमीच आणतो. पाव काढल्यावर ठेवा, आधी नको, खालून करपतं." चाचांनी एकदम मान डोलावली आणि ट्रे मागितले. मी मिलिंदकडे पाहिलं, मिलिंदने माझ्याकडे. इतक्या नीट, इतक्या ठाम मावशी आम्ही वर्षभरात पाहिल्या नव्हत्या. तो त्यांना इथे राहू देतो की काय, असं क्षणभर वाटून गेलं. त्यालाही वाटलं असावं.

मग मावशींनी ब्लाउजमधून दोऱ्यांची गुंडाळी काढली आणि म्हणाल्या, "हात पुढे करा सगळ्यांनी. भट्टीवर फार गर्दी असते."

बेकरीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एक माणूस ब्रेड घेऊन निघून गेला होता. मुलं एकमेकांकडे बघू लागली. आधी सईने हात पुढे केला, मग बाकीच्यांनी. मावशींनी एकेकाच्या मनगटाला गाठीतला दोरा बांधला, नीट गाठ मारली. मिलिंदच्या मनगटालाही बांधला. तो मान खाली घालून उभा होता. माझ्यापाशी आल्या, थबकल्या, म्हणाल्या, "तू मोठा आहेस. तू नाही हरवणार." मी तसाच राहिलो.

बिस्किटं त्या वर्षी सगळ्यांत चांगली झाली. दोरा नाही, कापूर नाही, हलवा दाताखाली आला तरी गोड लागला.

दुसऱ्या दिवशी मावशींचं सामान गाडीत गेलं. ओव्हन नेला नाही, तो आता आमच्या माळ्यावर आहे. मावशी पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर बिस्किटांचा डबा. मिलिंदला विचारत होत्या, "कुठे निघालोय रे आपण? कल्याणला?"

सई खिडकीपाशी गेली. तिने स्वतःच्या मनगटावरचा दोरा दातांनी तोडला, मावशींचा हात खिडकीतून बाहेर ओढला आणि तो त्यांच्या मनगटाला बांधायला घेतला.

"हे काय गं?" मावशींनी विचारलं.

"ठाण्याला फार गर्दी असते, मावशी," सई म्हणाली.

मावशींनी हात आणखी पुढे केला. मग म्हणाल्या, "घट्ट बांध."

गाडी मानपाडा रोडला वळेपर्यंत तो हात खिडकीबाहेर होता, थोडा वर उचललेला. त्या आम्हाला टाटा करत होत्या, की दोरा आहे ना ते बघत होत्या, मला कळलं नाही.